पावणेएकोणीस फूट

आपल्या होस्टेलची रूम दहा बाय बारा फुटांची. तीन कॉट, तीन टेबलं, एक कपाट (ज्याचं दार लागत नाही) आणि आम्ही तिघी. मागच्या सेमिस्टरला एका रविवारी संध्याकाळी मेस बंद आणि नेटही बंद. म्हणून मी वर्कशॉपची टेप काढली, कॉट बाजूला सारल्या आणि फरशीवर खडूने एक गाडी आखायला घेतली. १९५९ सालची कॅडिलॅक. लांबी २२५ इंच, म्हणजे पावणेएकोणीस फूट. खिडकीच्या भिंतीपासून सुरुवात केली. बारा फुटांवर दार आलं, गाडी संपेना. दार उघडून सहा फुटांची गॅलरी ओलांडली तरी नऊ इंच उरले, ते समोरच्या रूममध्ये काढले. तेवढ्यात रेक्टर मॅडम आल्या.

"हे काय चाललंय?"

"मॅडम, गाडी आहे."

"कोणाची?"

या प्रश्नाचं उत्तर त्या वेळी माझ्याकडे नव्हतं. आताही नीटसं नाही. पण त्या निमित्ताने हा लेख.

आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. दहावीपर्यंत मराठी म्हणजे वर्षातून एक पेपर. 'पाय काढणं' आणि 'काढता पाय घेणं' यांतला फरक मला फर्स्ट इयरला कळला. तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या.

तर या वेडाचं मूळ कोल्हापुरात आहे. आईचे मामा, ज्यांना आम्ही सगळे आप्पाआजोबा म्हणतो, त्यांच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये १९५४ सालची डॉज किंग्सवे उभी आहे. त्यांच्या वडिलांचा गुळाचा व्यापार होता. एका वर्षी गुळाला चांगला भाव आला आणि घरात गाडी आली. तेव्हा आप्पाआजोबा अकरा वर्षांचे होते. लांबी सुमारे सोळा फूट, पुढे सोफ्यासारखं अखंड सीट, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी. मागच्या सीटवर आम्ही पाच भावंडं बसायचो, आणि भांडायला तरी जागा उरायची. तिला घरात कोणी डॉज म्हणत नाही. 'मोठी गाडी' म्हणतात.

गंमत म्हणजे ही अमेरिकन गाडी आमच्याकडे अमेरिकेतून आली नाही, कुर्ल्याहून आली. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. अमेरिकेच्या क्रायसलर कंपनीशी करार करून डॉज, प्लिमथ आणि डिसोटो या गाड्या तिथे जोडल्या जायच्या. मोटारीचा कारखाना मुंबईत काढायची योजना त्याआधी, १९३० च्या दशकात, विश्वेश्वरय्यांनी आखली होती. (इंजिनिअर्स डेला आपण त्यांच्या फोटोला हार घालतो, पण हे कोणी सांगत नाही.) जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना तर १९२८ पासून शिवडीला होता. १९५३ साली टॅरिफ कमिशनने सांगितलं, की नुसत्या पेट्या फोडून गाड्या जोडणाऱ्यांनी इथेच भाग बनवायची तयारी दाखवावी, नाहीतर गाशा गुंडाळावा. जनरल मोटर्सने १९५४ ला गुंडाळला. प्रीमियर राहिली आणि पुढे फियाटमुळे घराघरात पोचली. पण मुंबईत फियाट टॅक्सीच्या आधी आणि नंतरही बराच काळ 'बडी टॅक्सी' धावायची, ती या डॉज-प्लिमथचीच बहीण.

गेल्या मे महिन्यात आप्पाआजोबांनी मला शेडमध्ये नेलं. बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "अगं, माझं वय झालं आता ब्याऐंशी. पोरगा पुण्यात फ्लॅटात राहतो, त्याला पार्किंग एक आणि तेही दोन खांबांच्या मधलं. तू मेकॅनिकलला आहेस. तू घेतेस का ही?"

मी लगेच हो म्हटलं नाही. का म्हटलं नाही, हे सांगायला जरा अमेरिकेला जाऊन यावं लागेल.

या गाड्या एवढ्या मोठ्या का होत्या? पहिलं उत्तर सगळ्यांना माहीत असतं: पेट्रोल स्वस्त. १९५९ मध्ये अमेरिकेत एका गॅलनला, म्हणजे पावणेचार लिटरला, सुमारे ३० सेंट पडायचे. रस्ते रुंद होते आणि १९५६ च्या कायद्याने हजारो मैलांचे नवे महामार्ग मंजूर झाले होते. पण नुसत्या स्वस्त पेट्रोलने गाडी पावणेएकोणीस फूट होत नाही. त्यामागे एक माणूस होता, हार्ली अर्ल. जनरल मोटर्समध्ये १९२७ पासून गाड्यांच्या रूपाचा विभाग त्याच्याकडे. गाडी दरवर्षी थोडी लांब आणि थोडी बुटकी करायची, म्हणजे शेजाऱ्याच्या दारात नवी उभी राहिली की आपली कालची जुनी वाटली पाहिजे, हा त्याचा धंद्याचा मंत्र. इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर लांबी हा डिझाइन पॅरामीटर नव्हताच, तो सेल्स पॅरामीटर होता.

त्या मागच्या पंखांचंही तसंच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचं पी-३८ नावाचं दोन शेपट्यांचं लढाऊ विमान होतं. अर्ल आणि त्याच्या माणसांनी ते पाहिलं आणि १९४८ च्या कॅडिलॅकला मागे दोन छोटे उंचवटे आले. लोकांना आवडले. मग सगळ्यांनी लावले. १९५७ साली क्रायसलरचे पंख इतके उंच झाले, की जनरल मोटर्सचे तरुण डिझायनर हादरले. कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या क्रायसलरच्या गाड्या चोरून बघून त्यांनी स्वतःची कागदावरची कामं फेकून दिली, असं सांगतात. त्यातून १९५९ ची कॅडिलॅक आली: सगळ्यांत उंच पंख, आणि प्रत्येक पंखाला बंदुकीच्या गोळ्यांसारखे दोन-दोन लाल दिवे. त्या वर्षी १ लाख ४२ हजारांच्या वर कॅडिलॅक बनल्या. पंखांचा वाऱ्याशी तसा काहीही संबंध नाही, ते ऑफिसच्या वेगाला विमानाचं सोंग आहेत. मला ते फार आवडतात. हॉरर पिक्चरसारखे, बघवत नाही आणि नजरही काढवत नाही.

बॉनेटखाली ६.४ लिटरचं व्ही-८, साध्या मॉडेलला ३२५ हॉर्सपॉवर. दोन चाकांच्या जोड्यांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, १३० इंच. आता आपल्या मारुती ८०० ची अख्खी लांबी ३.३३५ मीटर, म्हणजे १३१ इंच. थोडक्यात कॅडिलॅकच्या पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्ये आपली मारुती जवळजवळ पूर्ण मावते. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून शिट्टी आली. आमच्या वर्गात मुली सहाच आहेत, आणि शिट्टी गाडीसाठी होती हे मी आनंदाने नोंदवते.

त्या हॉर्सपॉवरबद्दल मात्र एक सांगायला हवं, वायव्हाला उपयोगी पडेल. १९७१ पर्यंत अमेरिकन कंपन्या 'ग्रॉस' आकडा छापायच्या. इंजिन टेस्ट बेंचवर ठेवायचं, एअर क्लीनर, सायलेन्सर, सगळं काढून टाकायचं आणि मग मोजायचं. म्हणजे मेसच्या काकांनी पोळीचं वजन तव्यावरच्या पिठासकट सांगावं तसं. १९७२ पासून 'नेट' आकडे आले. कॅडिलॅकच्या एल्डोरॅडोत १९७० ला ८.२ लिटरचं इंजिन ४०० हॉर्सपॉवरचं होतं आणि १९७६ ला तेच इंजिन १९० चं झालं. काही फरक मोजण्यातला, काही खरा: शिसं नसलेलं पेट्रोल आणि धुराचे नियम यांच्यासाठी कॉम्प्रेशन रेशो खाली आणावा लागला.

आता खरा मुद्दा. आप्पाआजोबांचं, आणि बहुतेक सगळ्या आजोबांचं एक वाक्य असतं: "तेव्हाचा पत्रा बघ, कसा जाड! हल्लीच्या गाड्या म्हणजे खाऊचे डबे." मीही हे वीस वर्षं मानत होते. मग सेकंड इयरला सरांनी एक टेस्ट दाखवली. अमेरिकेत रस्ता सुरक्षेवर काम करणारी, विमा कंपन्यांनी चालवलेली एक संस्था आहे, तिची स्थापना १९५९ ची. पन्नास वर्षं झाली म्हणून २००९ साली त्यांनी १९५९ ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरोले मालिबू समोरासमोर ठोकल्या. दोघींचा वेग ताशी ६४ किलोमीटर, वजनं जवळपास सारखी, टक्कर पूर्ण समोरून नाही, ड्रायव्हरच्या बाजूने अर्धवट.

गणित करून बघा. १६०० किलोची गाडी, सेकंदाला १७.८ मीटर, अर्धा एम व्ही वर्ग म्हणजे सुमारे अडीच लाख ज्यूल. गाडी पाच मजल्यांवरून खाली सोडल्यासारखं. एवढी ऊर्जा कुठेतरी जायला हवी. मालिबूचं नाक ठरवून दिल्यासारखं चुरगळलं आणि बसायची जागा तशीच राहिली. आतल्या पुतळ्याला पायाला दुखापत. बेल एअरचं नाक मात्र दुमडलंच नाही नीट. तिच्या खाली इंग्रजी एक्स अक्षरासारखी फ्रेम, बाजूंना आधाराच्या दांड्या नाहीत. पुढच्या काचेचा खांब वाकला, दार उघडलं, स्टिअरिंग आणि डॅशबोर्ड आत घुसले. पुतळ्याच्या जागी माणूस असता तर जागीच गेला असता.

पत्रा जाड होता, पण काम करत नव्हता. जाड पत्रा गाडीला वाचवतो, माणसाला वाचवायला पत्र्याने मरायला शिकावं लागतं.

आणि हे ज्ञान तेव्हा नव्हतं असंही नाही, हे मला जास्त लागलं. ठरवून चुरगळणाऱ्या नाकाची कल्पना मर्सिडीजच्या बेला बारेनी या इंजिनिअरची. तशी पहिली गाडी बाजारात आली १९५९ ला. तीन टोकांचा सीटबेल्ट व्होल्वोच्या निल्स बोलिनचा, तोही गाडीत आला १९५९ लाच, आणि व्होल्वोने तो सगळ्यांना वापरू दिला. ज्या वर्षी डेट्रॉइटमधली सगळ्यांत हुशार डोकी पंख किती इंच उंच करायचा यावर काम करत होती, त्याच वर्षी. १९६५ ला राल्फ नेडरने आपल्या पुस्तकात या पंखांनी माणसं जखमी होतात हेही लिहिलं. तोवर पंख फॅशनमधून उतरायला लागलेच होते.

हे कळल्यावर माझं प्रेम कमी व्हायला हवं होतं. झालं नाही. आणि मी एकटीच अशी नाही.

स्वीडनचंच बघा. ज्या देशाने सीटबेल्ट दिला, तिथले लोक या अमेरिकन धुडांवर जीव टाकतात. तिथे 'रागारे' म्हणून एक जमात आहे, १९५० च्या दशकापासूनची. मुळात खेड्यापाड्यांतली कामगार पोरं, जुनी अमेरिकन गाडी, मोठ्याने रॉक संगीत, आणि शनिवारी गावात फेऱ्या. शहरातले लोक नाकं मुरडायचे. १९७८ ला सुरू झालेला पॉवर बिग मीट हा त्यांचा मेळा कित्येक वर्षं व्हेस्तेरोस गावी भरायचा, आणि अमेरिकन गाड्यांचा जगातला सगळ्यांत मोठा मेळा म्हणून त्याची ख्याती आहे. अमेरिकेत नाही, स्वीडनमध्ये!

क्यूबाची गोष्ट वेगळी. तिथे हौस नव्हती, नाइलाज होता. १९५९ ला क्रांती झाली, १९६० पासून अमेरिकेने व्यापार आवळत नेला आणि १९६२ ला पूर्ण बंद केला. नव्या गाड्या आणि सुटे भाग दोन्ही बंद. २०११ पर्यंत क्यूबात मोकळेपणाने खरेदी-विक्री करता यायची ती फक्त क्रांतीआधीच्या गाड्यांची. त्यामुळे १९५० च्या दशकातल्या शेव्हरोले आणि ब्यूक हवानात ठरलेल्या रस्त्यांवर आपल्या शेअर रिक्षांसारख्या माणसं कोंबून धावत राहिल्या. त्यांना तिथे 'आल्मेंद्रोन' म्हणतात, म्हणजे मोठा बदाम. बाहेरून अमेरिका, आत मात्र कुठे रशियन डिझेल इंजिन, कुठे जपानी गिअरबॉक्स. हौशी लोक याला भेसळ म्हणतील. मला तर ती साठ वर्षं चाललेली मेकॅनिकलची प्रॅक्टिकल परीक्षा वाटते, आणि कोणालाही एटीकेटी नाही.

खुद्द अमेरिकेत माझा मावसभाऊ मिशिगनला एम.एस. करतोय. डेट्रॉइटजवळ वुडवर्ड ॲव्हेन्यू नावाचा रस्ता आहे, तिथे १९९५ पासून दर ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांची फेरी निघते. तो गेला होता. लोक घडीच्या खुर्च्या घेऊन सकाळपासून रस्त्याच्या कडेला बसतात, जसं आपल्याकडे विसर्जनाला. त्याला एका म्हाताऱ्या गृहस्थांनी आपल्या कॅडिलॅकमध्ये बसू दिलं. मी व्हिडिओ कॉलवर ओरडले, "दार कसं लागतं ते ऐकव!" त्याने दार लावलं. आवाज कसा होता सांगू? देवघराच्या लाकडी पेटीचं झाकण बसावं तसा. त्याच्या म्हणण्याप्रमाणे तिथे गाडी ठेवणं फारसं अवघड नाही. लोकप्रिय मॉडेल असेल तर रबरापासून क्रोमपर्यंत नवे बनवलेले भाग कॅटलॉगमधून घरपोच येतात.

आपल्याकडे कॅटलॉग म्हणजे कोल्हापूरचं उद्यमनगर. भाग घेऊन जायचा, टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचं, "असाच पाहिजे." लेथवरचा माणूस तो फिरवून बघतो, नाक वर करतो आणि "परवा या" म्हणतो. आप्पाआजोबांच्या डॉजचे निम्मे भाग असे 'परवा'चे आहेत.

गाडी सांभाळणं म्हणजे नक्की काय, हे मला त्या मे महिन्यात कळलं. तिची बॅटरी ६ व्होल्टची, आणि तीही उलटी: प्लस टोक बॉडीला. कोणीतरी मध्यंतरी जाडजूड केबल काढून आजची बारीक केबल लावली होती. सेल्फ मारला की गाडी नुसती कण्हायची. व्होल्टेज अर्धं म्हणजे तेवढ्याच कामाला करंट दुप्पट, आणि केबलमधला लॉस करंटच्या वर्गाने, म्हणजे चौपट. फर्स्ट इयरच्या बेसिक इलेक्ट्रिकलला मी जेमतेम पास होते, पण हा आय स्क्वेअर आर मला शेडमध्ये घाम पुसताना समजला. जाड केबल आणली, गाडी दुसऱ्या फटक्यात सुरू.

दुसरी फजिती पंक्चरची. डाव्या बाजूचं चाक. पंक्चरवाल्याने पाना लावला, जोर लावला, पाइप लावून जोर लावला, शेवटी पाइपवर उभा राहिला आणि बोल्ट तुटला. क्रायसलरच्या त्या काळच्या गाड्यांत डाव्या चाकांच्या नटांना उलटे आटे असतात. चाक पुढे फिरताना नट सैल होऊ नये म्हणून. बोल्टच्या टोकावर 'एल' कोरलेलं होतं, पण ते साठ वर्षांच्या ग्रीसखाली. आप्पाआजोबा शांतपणे म्हणाले, "मला माहीत होतं. पण तू इंजिनिअर ना, म्हटलं बघू या."

तिसरी गोष्ट गंभीर आहे. २०२५ मध्ये देशभर पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं. नव्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर असतो, मिश्रण बदललं तर कॉम्प्युटर सांभाळून घेतो. डॉजमध्ये कॉम्प्युटर म्हणजे पितळेचं एक भोक, ज्याला आपण जेट म्हणतो. साध्या पेट्रोलला एक भाग इंधनाला १४.७ भाग हवा लागते, नुसत्या इथेनॉलला फक्त ९. वीस टक्के मिश्रणाला साधारण साडेतेरा. भोक तेच राहिलं तर इंजिन उपाशी, म्हणजे लीन चालतं आणि तापतं. शिवाय इथेनॉल पाणी शोषतं. आमची गाडी महिन्यातून एकदा चालते, टाकीत पाणी खाली बसायला तेवढं पुरतं. आणि फ्यूएल पंपाचा जुन्या रबराचा पडदा तर इथेनॉलने फुगतो, मग फाटतो. गळकं पेट्रोल आणि तापलेलं इंजिन शेजारी-शेजारी असल्यावर काय होतं ते सांगायला नको. म्हणून पहिलं काम पडदा आणि नळ्या बदलणं, दुसरं काम जेट मोठा करणं. बाकी तिचं इंजिन साधं, सहा सिलिंडरचं, व्हॉल्व्ह वर डोक्यात नसून शेजारी ब्लॉकमध्येच. हेड म्हणजे नुसतं झाकण. कॉम्प्रेशन साताच्या आसपास, त्यामुळे ऑक्टेनचे नखरे नाहीत.

मामा म्हणाला, "एवढं कशाला? डिझेल इंजिन टाक." सूचना नवी नाही. पेट्रोल महागल्यावर आपल्याकडे अशा कितीतरी मोठ्या गाड्यांत डिझेल इंजिनं बसली, म्हणूनच त्या भंगारात गेल्या नाहीत. क्यूबात मी याचं कौतुक केलं, मग घरी का नको? कारण जुलै २०२१ चा केंद्राचा नियम. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्याने नोंदणी असेल तर नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, नंतरच्या पुनर्नोंदणीला ५ हजार. मुदत १० वर्षं. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती यासाठी रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही. इंजिन बदललं की मूळ रूप कुठलं? क्यूबावाल्यांना गाडी रोज पळवायची होती, आम्हाला ती जपायची आहे. दोन्ही खरं, पण दोन्ही एका गाडीत होत नाही.

तर मी ऑक्टोबरमध्ये आप्पाआजोबांना फोन केला आणि हो म्हटलं. माझी अट: गाडी गावाबाहेर हायवेला न्यायची नाही, चाळीसच्या वर चालवायची नाही, आणि पुढच्या सीटवर नातवंडं बसवायची नाहीत. बेल एअरचा व्हिडिओ त्यांना पाठवला होता. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आम्ही तुझ्या आईला पुढे मांडीवर घेऊन मुंबईला गेलो होतो गं. दोनदा." त्यांचीही एक अट: पट्टे बसवायला फ्रेमला भोक पाडायचं असेल तर आधी आरटीओत विचारायचं, मग ड्रिल काढायचं. ती मी मान्य केली. नुसत्या पत्र्याला पट्टा बोल्ट करून उपयोग नाही, खाली जाड प्लेट लागते, तिचं ड्रॉइंग मी केलंय. मशीन डिझाइनच्या सरांनी तपासलं आणि वेल्डचं चिन्ह चुकलं म्हणून लाल पेनने गोल केला.

सेमिस्टर संपलं की मी कोल्हापूरला चालले आहे, पडदा आणि जेटच्या कामाला. एकच अडचण आहे. डॉजचे सगळे नट इंचात आहेत आणि आपल्या वर्कशॉपचे पाने मिलिमीटरमध्ये. अर्धा इंच म्हणजे १२.७, त्याला १३ चा पाना बसतो, पण घसरतो आणि नटाचे कोपरे खातो. कोणाच्या घरी, विशेषतः कोणाच्या आजोबांच्या घरी, ७/१६, १/२ आणि ९/१६ चे जुने पाने पडून असतील तर लेडीज होस्टेलच्या गेटवर वॉचमनकाकांकडे ठेवावेत. जानेवारीत परत मिळतील, पुसून.